पानी लागलं का?

कराडकडच्या कुठल्याही लग्नात पंगत बसली की आमचे दाजी अनोळखी पाहुण्याशेजारी जागा धरतात. ओळखीचे लोक त्यांच्याशेजारी बसत नाहीत, हे त्यामागचं खरं कारण. वाढप्यानं भाताची मूद पाडली रे पाडली की दाजी त्या पाहुण्याच्या पानाकडे बोट करतात, "हा बघा ग्रॅनाईट." पाहुणा हात आखडता घेतो. मग वरण येतं. "आणि हा बेसॉल्ट! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आला, थरावर थर बसला. आता मध्ये बघा. आहे काही? गाळ नाही, वाळू नाही. भातावर थेट वरण!"

पलीकडच्या पंगतीतून ताई ओरडते, "अहो, जेवू द्या त्यांना. निवतंय."

"लाव्हासुद्धा निवतोच की," असं म्हणून दाजी मठ्ठ्याकडे वळतात.

दाजी शास्त्रज्ञ नाहीत. भूगर्भशास्त्रातले साधे पदवीधर. पण कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला जमिनीत खोल भोक पाडण्याचं जे मोठं काम निघालं, त्याला पहिल्यापासून चिकटलेले. हे काम म्हणजे पृथ्वी विज्ञान मंत्रालय, हैदराबादची भूभौतिकी संस्था, कराडशेजारी हजारमाचीला उभी राहिलेली प्रयोगशाळा आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून चालणारा खंडीय वेधनाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम, अशा सगळ्यांची भागीदारी. एवढ्या मोठमोठ्या नावांच्या खाली एक माणूस लागतो. तो सरपंचांना नमस्कार करतो, गुरवाला विचारून मशीन कुठून न्यायचं ते ठरवतो, परदेशी पाहुण्यांना मिसळीतली तर्री बाजूला काढून देतो आणि शाळेत जाऊन पोरांना दगड दाखवतो. अहवालात त्याला 'समन्वय' म्हणतात. गावात त्याला 'भोकवाले सायेब' म्हणतात.

भोक साधंसुधं नाही. आधी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीची नऊ भोकं झाली, आणि मग गोठण्याजवळ मोठं. २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालं, २०१७ च्या जूनपर्यंत ३,००० मीटर खाली गेलं. कळसूबाई उलटी करून आत सोडली तर तळाला टेकणार नाही, वर दुसरीही बरीचशी मावेल. हा हिशेब दाजींचाच. पहिले १,२४७ मीटर काळा कातळ, त्याखाली एकदम ग्रॅनाईटच्या जातीचा जुनापुराणा दगड. पंगतीतल्या वरणभाताचं मूळ ते.

पण गावात 'बोअर मारली' म्हटलं की पुढचा प्रश्न एकच असतो. मशीन धडधडत होतं तेव्हाची गोष्ट. काही परदेशी मंडळी बघायला आली होती, डोक्याला पिवळी टोपी, अंगात चमकतं जाकीट. एक आजी शेळ्या घेऊन चाललेल्या. त्या थांबल्या, मशीनकडं वर बघितलं, खाली बघितलं आणि त्यातल्या सगळ्यांत उंच साहेबाला विचारलं, "काय वो सायेब, पानी लागलं का?"

साहेबानं दाजींकडे पाहिलं. दाजी ओशाळले. तीन किलोमीटरचं विज्ञान, इतक्या देशांची माणसं आणि आजी पाण्याचं विचारतायत! पण भाषांतर करणं भाग होतं. साहेबानं ते ऐकलं, टोपी काढली आणि म्हणाला, "व्हेरी गुड क्वेश्चन!" मग दहा मिनिटं तो बोलत राहिला आणि दाजी आजींना सांगत राहिले. धरणाचं पाणी दगडाच्या फटींतून खाली मुरतं. आधीच ताणलेल्या भेगेत शिरलं की तिथला दाब वाढवतं आणि घट्ट धरून बसलेला दगड सरकतो. ते पाणी खाली नेमकं कुठं आहे, किती दाबानं आहे, हेच तर शोधायचंय. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी अजून न्हाई लागलं." आणि शेळ्या हाकल्या.

ही गोष्ट दाजींनी मला किमान चाळीस वेळा सांगितली आहे. दर वेळी साहेब थोडा उंच होतो.

दाजींचं वर्ष आपल्यासारखं पाडव्याला सुरू होत नाही, पावसानं सुरू होतं. जूनपासून सकाळी पेपर हातात घेतला की नजर आधी कोयनेच्या टीएमसीवर. सांगलीचा माणूसही तोच आकडा बघतो, पण तो पुराच्या धास्तीनं. दाजी बघतात ते धरण किती झपाट्यानं भरतंय म्हणून, कारण पाणी चढल्यावर सप्टेंबराच्या सुमाराला इथले धक्के वाढतात आणि हिवाळ्यात पुन्हा एकदा. १०५ टीएमसीच्या जवळ आकडा गेला की दाजी रात्री खाटेवर झोपत नाहीत, जमिनीवर सतरंजी टाकतात. "अंगाला कळतं," म्हणतात. डोंगरावर भोकांच्या आत इतकी संवेदनशील यंत्रं सोडली आहेत, वरच्या एसटीचा नि गुराढोरांचा गोंगाट त्यांना पोचू नये म्हणून मुद्दाम खोल. तरी ह्यांना सतरंजी लागतेच.

कोयना भागातल्या माणसाला एक खोड असते. रात्री भांडी वाजली की कूस बदलत तो आकडा सांगतो. "तीनचा असंल," आणि परत घोरायला लागतो. दाजींच्या घरी मात्र तेवढ्यावर भागत नाही. दिवा लागतो, वही निघते, अंदाज लिहिला जातो, ताईचा वेगळा, पोराचा वेगळा. सकाळी खरा आकडा आला की पडताळा. गेल्या वर्षी ताईचे अंदाज दाजींपेक्षा जास्त वेळा जवळ आले. ही गोष्ट घरात काढायची नाही असं ठरलेलं आहे. "एका आकड्याचा फरक म्हणजे ऊर्जेत जवळजवळ बत्तीस पट," दाजी बजावतात, "त्यामुळे चुकलं तर लहानसहान चुकलं असं समजू नका." ताई म्हणते, मी नाही चुकले.

लोक दुसरा प्रश्न विचारतात तो पुढच्या भूकंपाचा. मुहूर्त विचारावा तसा. "दाजी, पोरीचं लग्न मे महिन्यात धरलंय, काय नाही ना?" दाजींचं ठरलेलं उत्तर : "भाकीत नाही, अभ्यास!" हे ते इतक्या जोरात म्हणतात की समोरच्याला वाटतं, काहीतरी माहीत असूनही हा सांगत नाही. मोबाईलवर दर वर्षी एकदा तो संदेशही फिरत येतो, रशियात खोल भोक पाडलं तेव्हा आतून पापी लोकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या म्हणून. त्या दिवशी दाजी जेवत नाहीत. भावकीच्या गटावर लिहीत बसतात : कोला, १२,२६२ मीटर, तळाशी सुमारे १८० अंश उष्णता, किंकाळी शून्य. खाली कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकतं आणि विषय संपतो.

शाळेतला कार्यक्रम बघायचा तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला जावं. दाजी पिशवीतून दोन दगड काढतात, एक काळा, एक करडा गुलाबी, दोन्ही पोरांच्या हातात फिरवायला. मग साबणाच्या दोन वड्या एकमेकींवर दाबून धरतात. कोरड्या सरकत नाहीत. मध्ये पाणी सोडलं की सुळ्ळकन! "धरणानं भूकंप घडवला असं म्हणू नका," दाजी सांगतात, "ताण आधीचाच होता. पाणी निमित्त झालं." त्यानंतर छोटं कंपनमापक यंत्र जमिनीवर ठेवून पडद्यावर रेघ दाखवायची आणि सगळ्यांनी एकदम उडी मारायची. रेघ उसळते, पोरं किंचाळतात. गेल्या खेपेला चौथी अ आणि चौथी ब यांच्यात कुणाचा भूकंप मोठा यावरून मारामारी झाली. शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतः उडी मारून विषय मिटवला. वर्षभराची अशी सगळी धावपळ अहवालात चार ओळींत बसते. सोबत एक फोटो, 'विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना'. त्यात दाजींचा अर्धा हात आणि पूर्ण दगड.

११ डिसेंबरला मात्र दाजी पिशवी घरी ठेवतात. १९६७ साली त्या दिवशी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा धक्का आला, कोयनानगर पडलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी दाजी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन नुसते बसतात. एक आजोबा दर वर्षी तेच सांगतात. अंथरुणातून उठलो, दार लागेना, मग कळलं की दार होतं तिथंच होतं, भिंत नव्हती. दाजी दर वर्षी नव्यानं लिहून घेतात. मी विचारलं, गेल्या वर्षीचं आहे की लिहिलेलं. तर म्हणाले, "असू दे. त्यांना सांगायचं असतं."

एवढं सगळं कळणाऱ्या माणसानं गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या प्लॉटवर बोअर घेतली. जागा स्वतः ठरवली. नकाशा पसरला, दगडाचे थर पाहिले, भेगांची दिशा काढली, चुना टाकून फुली मारली. गाडी आली, सगळी आळी जमली. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. दाजी मात्र उडालेली माती मुठीत घेऊन वास घेत होते, दर दहा फुटांचा नमुना कागदात बांधत होते. गाडीवाल्यानं विचारलं, अजून खाली जाऊ का? फुटामागचा दर ताईनं ऐकला आणि तिनंच हात हलवून मशीन बंद करायला लावलं.

तेव्हापासून रस्त्यात जो भेटतो तो हसू दाबून तोच प्रश्न विचारतो. दाजी म्हणतात, "अभ्यास चालू आहे."

ताईनं आता पाणाड्या बोलावलाय. येत्या रविवारी तो तळहातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरणार आहे. दाजींनी विरोध केलेला नाही. वही घेऊन मागनं चालणार म्हणाले, नारळ कुठं कुठं उभा राहतो ते नोंदवायला.