पेटीचा नाद

नावं घ्यायची नाहीत असं ठरलंय, म्हणून घेत नाही. पण ओहायो-मिशिगनकडच्या आपल्या मराठी मंडळींत सध्या जे चाललंय, ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय राहवतही नाही. माणसं चांगल्या घरातली. शिकलेली-सवरलेली, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारी, घराचे हप्ते वेळेवर भरणारी. दारू नाही, जुगार नाही, शेअर बाजारसुद्धा बेतानंच. आणि हीच माणसं शनिवारी पहाटे, घरात कुणाला जाग न आणता, गाडीची मागची सीट पाडून बाहेर पडतात. कुठे? कुणा परक्याच्या गॅरेजमध्ये, थंडगार फरशीवर गुडघे टेकून, पन्नास-साठ वर्षांच्या पत्र्याच्या पेटीचे खण ओढून बघायला!

हो, पत्र्याची पेटी. हत्यारं ठेवायची, गंजकी, वर ग्रीसचा वास मारणारी. मंडळाच्या कार्यक्रमात हे लोक कोपरा धरून एकमेकांना मोबाइलवर फोटो दाखवत असतात आणि सौ. जवळ आल्या की पटकन फोन खिशात. सौ. बिचाऱ्या भलताच संशय घेतात. एकीनं शेवटी धीर करून फोन उघडून पाहिला. आत सगळे फोटो बिजागऱ्यांचे! ती म्हणते, दुसरं काही निघालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

हे लोण आलं कुठून, तर तिथल्याच मातीतून. अमेरिकेतल्या मशीन शॉपमध्ये मायक्रोमीटर, गुण्या, डायल गेज ही मोजमापाची हत्यारं कारागीर पदरच्या पैशानं घ्यायचा. ती ठेवायला स्वतःची पेटी, तिला स्वतःचं कुलूप. तो नोकरी बदलायचा तेव्हा पेटी बरोबर जायची. निवृत्त झाला की ती तळघरात जायची. पुढे घर रिकामं करायची वेळ आली की मुलं ‘एस्टेट सेल’ची पाटी लावतात, आणि आईच्या कपबशांशेजारी बापाची पेटी विकायला मांडली जाते. ओहायो-मिशिगन म्हणजे कारखान्यांचा मुलूख. तिथे अशी तळघरं काही कमी नाहीत. पूर्वी हा नाद तिथल्या निवृत्त टर्नर-फिटर मंडळींपुरता होता. आता ज्यांनी जन्मात लेथ चालवलेला नाही तेही लागलेत.

बरं, उठले आणि आणली पेटी, असं नाही हां. हे सगळं स्थळ बघण्यासारखं चालतं. आधी घराण्याची चौकशी, आणि ती इतकी कसून की आपल्या आत्याबाईंनी यांच्याकडे शिकवणी लावावी. सगळ्यांत खानदानी घराणं केनेडीचं. ओहायोतल्या व्हॅन वर्ट गावचं, 1911 पासूनचं. रंग तपकिरी आणि अंगावर बारीक सुरकुत्या. त्या सुरकुत्या वयाच्या समजू नका, जन्मजात आहेत. तो रंगच तसा असतो. वरचा थर आधी वाळतो, खालचा ओला राहतो आणि वरच्याला घड्या पडतात. त्या खरखरीत अंगावर बोटांचे डाग दिसत नाहीत आणि ओरखडेही लपतात. पुढचं झाकण काढलं की सगळ्यांत खालच्या खणाखाली सरकवून ठेवायचं. या घराण्यात 520 म्हणजे सात खणांची, 526 म्हणजे आठ खणांची रुंद बांध्याची, आणि 52611 म्हणजे अकरा खणांची. हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. लग्नाचा वाढदिवस कधी, ते विचारू नका.

गर्स्टनर हे दुसरं बडं प्रस्थ. तेही ओहायोचं, डेटनचं, 1906 पासूनचं. मधला उभट खण ‘मशिनरीज हँडबुक’ या 1914 पासून निघत आलेल्या जाडजूड पुस्तकाच्या मापाचा. पण ते ओक लाकडाचं काम. त्यामुळे पत्र्याची मंडळी त्यांच्याशी गोड बोलतात, सोयरीक करत नाहीत.

क्राफ्ट्समनचं प्रकरण नाजूक आहे. नाव सिअर्स या दुकानाचं, 1927 पासूनचं. पण सिअर्सनं पेट्या स्वतः बनवल्या नाहीत, दुसऱ्यांकडून करून घेतल्या आणि वर आपली पट्टी ठोकली. तेव्हा मॉडेल नंबरातले पहिले तीन आकडे म्हणजे गोत्र. 706 निघालं की मंडळी समाधानानं मान डोलावतात, कारण ते आयोवातल्या वॉटर्लूचं काम. पुढे 2017 मध्ये सिअर्सनं क्राफ्ट्समन हे नावच विकून टाकलं आणि 2018 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. घराणं बुडालं, पण गॅरेजमधल्या लाल पेट्या सुखात आहेत.

आणि श्रीमंतांघरची म्हणाल तर स्नॅप-ऑन. यांचा व्हॅनवाला आठवड्याला मेकॅनिकच्या दारात येतो, हप्त्यानं माल देतो आणि पुढच्या आठवड्यात वसुलीला हजर होतो. यांच्या मोठ्या कपाटाची किंमत दहा हजार डॉलरच्याही वर जाते. दहा हजार! त्यात इकडे बरी चालती जुनी मोटार येते. म्हणून आपले लोक नव्याच्या वाटेला जात नाहीत. कुणी मेकॅनिक धंदा सोडतोय का, यावर डोळा ठेवून असतात. शोभतं का हे?

प्रत्यक्ष बघण्याचा कार्यक्रम तर ऐकण्यासारखा. आधी कोपरे चाचपायचे, कारण पडलेली पेटी कोपऱ्यात पिचते, मग चौकट तिरकी होऊन खण अडकतात. पोचा निघतो, तिरकी चौकट सहजी निघत नाही. मग पेटी उलटी करून तळ बघायचा. ओल्या फरशीवर वर्षानुवर्षं बसलेल्या पेटीचा वरचा रंग फसवा असतो, खाली बोट आरपार जातं. मग खण पूर्ण उघडून दोन्ही बाजूंनी हलवायचा. मग नाक आत घालून हुंगायचं. उंदरांचा वास आला तर आतलं सगळं फेल्ट खरवडून फेकावं लागणार, म्हणून तिथेच दहा डॉलर कमी. किल्ली बहुतेक वेळा हरवलेलीच असते. पण कुलपाच्या तोंडावर नंबर कोरलेला असेल तर त्यावरून नवी करून मिळते. हे विकणाऱ्याला सांगायचं नसतं. चेहरा पाडून “किल्लीच नाही हो” म्हणायचं आणि आणखी दहा कमी करायचे. घरी पोरांना खरं बोलायला शिकवणारी माणसं ही!

पेटी घरी आली की खरा अनर्थ सुरू होतो. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर कॅनच्या कॅन संपतं, कारण बिजागऱ्या आणि कड्या त्यात रात्रभर भिजत पडतात. हे निदान साधं. ज्यांची मजल पुढे गेली ते प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेतात, त्यात वॉशिंग सोडा कालवतात आणि बॅटरी चार्जर जोडतात. गंजका भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. बुडबुडे येतात, गंज सुटतो, पाण्याचा तांबडा चिखल होतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हा उद्योग दार उघडं टाकूनच करावा लागतो, आणि गॅरेजला बिलगून असलेल्या खोलीत सासूबाई मिशिगनच्या थंडीत कुडकुडतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे एका गृहस्थांना वेळेवर कळलं आणि घरातला मोठा डाव वाचला. ते सांगतातही अभिमानानं, जणू मोठा त्याग केला.

रंगाच्या वेळी ओव्हनचा बळी जातो. सुरकुत्यांचा स्प्रे नीट उठायला ऊब लागते. आता शहाणा माणूस हीट गन आणेल. पण सौ. माहेरी गेलेल्या, ओव्हन रिकामा, आणि खणांचं माप त्यात चपखल बसतंय. पुढचं मी सांगत नाही. नंतर केलेल्या नानकटाईला कसला वास येत होता, ते सगळ्या मंडळाला माहीत आहे. आणि जुना रंग कोरडा घासू नका म्हणून कितीदा सांगितलं यांना! अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये. त्याआधीच्या पेटीवर काय थापलंय ते कोण सांगणार? ओला पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, आणि लहान मुलं लांब. एवढं तरी करा म्हणावं.

देवघरातला कापूर कमी व्हायला लागला की समजावं, पेटी पूर्ण झाली. तिकडचे जुने मशिनिस्ट गंज येऊ नये म्हणून हत्यारांच्या खणात कापराची वडी ठेवत. आपल्या लोकांना हे कळलं मात्र, आनंदाला पारावार राहिला नाही. निदान एक सामान तरी घरात तयार होतं! संध्याकाळच्या आरतीला कापूर नाही, आणि गॅरेजमध्ये मात्र खण उघडला की देवळात शिरल्यासारखा घमघमाट.

यात दोन तट आहेत आणि त्यांच्यातून विस्तव जात नाही. एक तट म्हणतो, गंज काढा, मेण चोळा, बाकी जसं आहे तसं राहू द्या. दुसरा म्हणतो, सगळं खरवडून नवा रंग. मध्यंतरी एकानं केनेडीला मोरपंखी रंग दिला. त्याच्याशी पहिल्या तटातले काही जण अजून बोलत नाहीत. गंमत म्हणजे दोन्ही तट एका ठिकाणी थबकतात. झाकणावर किंवा आतल्या हत्यारांवर जुन्या मालकानं नाव कोरलेलं असतं. कधी नावाऐवजी अख्खा सोशल सिक्युरिटी नंबर! एके काळी चोरी ओळखता यावी म्हणून लोक तो बिनधास्त कोरायचे. नंबर हे लोक घासून टाकतात. नावावर मात्र टेप चिकटवून भोवतीनं रंग मारतात. मोरपंखीवाल्यानंही तेच केलं. स्वतःचं नाव कोरायचं धाडस अजून कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे. ज्यानं चाळीस वर्षं त्या पेटीतून काढून काम केलं, त्याच्या शेजारी सही करायची म्हणजे आधी तेवढं काम दाखवायला नको?

आता पैशाचं बोलू, कारण ते बोलले नाहीत तरी आपण बोलायचं. पेटी स्वस्त मिळाली, हे पहिलं वाक्य. मग फेल्ट, गोंद, स्प्रेचे डबे, किल्ली, नवी कडी, दुसरीकडे जाऊन आणलेला एक सुटा खण, आणि त्यासाठी जाळलेलं पेट्रोल. तेवढ्यात दुकानातून नवंकोरं चाकांचं कपाट आलं असतं, बॉल बेअरिंगवर लोण्यासारखे सरकणारे खण असलेलं. हे म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, “जुना पत्रा बघा!” बघितला. केनेडीचा खरंच दणकट आहे. पण जुनं ते सगळं सोनं हे मी ऐकून घेणार नाही. घरगुती वापराच्या कितीतरी जुन्या पेट्यांचा पत्रा पातळच असायचा, खणही पत्र्यावर पत्रा घासत किरकिरायचे. पुण्याहून आलेल्या एका वडिलांनी पोराची ही किरकिर ऐकली. हयात पिंपरीच्या कारखान्यात गेलेली. काही न बोलता दिवाळीतलं उरलेलं मेणबत्तीचं थोटूक आणलं, खणाच्या दोन्ही कडांवर घासलं आणि खण एका बोटानं ढकलून दाखवला. पोरगा त्यासाठी महागडी ग्रीस मागवून बसला होता. मग वडिलांनी विचारलं, केवढ्याला घेतलीस? आकडा ऐकून ते फिरायला निघून गेले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एक पेटी आली की तिला खाली चाकांचं कपाट लागतं, मग मधली बैठी पेटी, मग बाजूचं लटकतं कपाट. आणि शेवटची पायरी म्हणजे व्हिडमार. बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावातून येणारं ते धूड. एकेक खण 400 पौंड, म्हणजे 180 किलो वजन पेलतो. एका वेळी एकच खण उघडावा असा त्यात आतून अडसर असतो, नाहीतर अख्खं कपाट उघडणाऱ्याच्या अंगावर यायचं. अशा कपाटापायी एकाची मोटार आता वर्षभर अंगणात, बर्फात उभी असते. मोटारीसाठी बांधलेल्या गॅरेजात कपाटं ऊब खातायत!

ही साथ आपल्याकडे यायला वेळ लागेल, असं मला वाटायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात कुणी गंजकी पेटी उचललीच तर ती वापरायला उचलतो, फोटो काढायला नाही. आणि उरलेल्या किलोच्या भावानं भंगारात जातात. पण परवाच एका भाच्यानं विचारलं, जुना बाजार बुधवारी असतो की रविवारी? मी काहीच बोलले नाही. त्याच्या आईला मात्र लगेच फोन केला.

आणि ही सगळ्यांत ताजी. खंडेनवमीला त्या मोरपंखीवाल्यानं गॅरेजमध्ये पूजा मांडली. पेटीला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, पुढे पेढे, वीसेक माणसं जमलेली. पूजा हत्यारांची, म्हणून कुणीतरी खण उघडला. आत नवं हिरवं फेल्ट आणि कापराची वडी. दुसरा उघडला, तोही तसाच. सातच्या सात रिकामे! हत्यारं कुठायत म्हणून विचारलं, तर म्हणे ती तेलकट असतात, फेल्ट खराब होतं. ती पलीकडे रंगाच्या रिकाम्या बादलीत उभी होती, नेहमीसारखी. मग गुरुजींनी बादलीलाही हळदकुंकू वाहिलं आणि पेढा वाटायला घेतला.