दगडूशेठला जाऊन येतो

भाच्याच्या मुलाचं बारसं तोंडावर आलं आणि घरात नामकरण समिती बसली. अटी कडक होत्या. नाव संस्कृत हवं, पण आजीला अर्थ कळता कामा नये. परदेशातल्या साहेबाला उच्चारता यावं. अंकशास्त्रात बसावं. आणि वर्गात त्या नावाचं दुसरं पोर नसावं. तीन आठवडे झाले तरी बाळ आपलं ‘बाळ’च. शेवटी भाचेसून म्हणाली, “मामा, आधी दगडूशेठला जाऊन येऊ, मग ठरवू.”

पुण्याच्या बुधवार पेठेत दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. मागंपुढं कडेवरची पोरंच पोरं. एक रेयांश, एक विवान, एक कियान. दुसरा विवान दिसल्यावर पहिल्याच्या आईचा चेहरा पडला. मी हळूच सुचवलं, “दगडू ठेवा. वर्गातच काय, अख्ख्या शाळेत दुसरा निघणार नाही.” भाचेसुनेनं असं पाहिलं की दृष्ट लागते यावर माझा तिथंच विश्वास बसला.

वास्तविक दगडू हे नाव दृष्टीवरचाच उतारा. मुलं जगत नसत त्या काळात पोराला गोड नाव ठेवणं म्हणजे यमाला पत्ता कळवण्यासारखं होतं. म्हणून नाव असं ठेवायचं की वरच्यानं यादी वाचताना ‘हा काय, दगड!’ म्हणून पुढं जावं. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा. हप्ता न भरता काढलेला विमा. पोरीचा हिशेब मात्र निराळा. मुलाला दगड म्हणायचं ते तो राहावा म्हणून. मुलीला ‘नकुशा’ म्हणायचं ते ती खरंच नको असायची म्हणून. साताऱ्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली. पोरांच्या बाबतीत असा समारंभ करावा लागला नाही.

दगड तसा एकच, पण पेठेप्रमाणे त्याचं पाणी बदलतं. बुधवारात तो दगडू, सदाशिवात धोंडो. ‘पंत’ लागलं की त्याला पागोटं चढतं: १८५७चे नानासाहेब पेशवे मूळचे धोंडोपंतच. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो आणि थोरल्या भावाचं भिकाजी. म्हणजे एका घरात एक धोंडा नि एक भिक्षेकरी. पैकी धोंडा १८५८ साली जन्मला, १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्याला भारतरत्न मिळालं आणि त्यानंतरही चार वर्षं तो टिकला. याहून चांगला परतावा कुठल्या विमा कंपनीनं दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण मागं पंत किंवा शेठ नसेल तर दगड डोक्यातच बसतो. दगडू मारुती पवारांना आपण दया पवार म्हणून ओळखतो, आणि १९७८च्या ‘बलुतं’मध्ये हे दया पवार आपल्यातल्याच दगडूला समोर बसवून बोलतं करतात. २०१४च्या ‘टाइमपास’मध्ये नायकाचं नाव दगडू ठेवलं तेव्हा थिएटरात आधी हशा पिकला, प्रेमबिम नंतर.

आणि आमचे दगडूशेठ? आडनाव गडवे, धंदा मिठाईचा. त्यांचा मुलगा साथीत गेला आणि त्या दुःखातून, गुरूंच्या सांगण्यावरून, त्यांनी गणपती नि दत्ताच्या मूर्ती घडवल्या, असं सांगतात. दगडू असल्यामुळे बाप वाचला असेल. पोराला ते छत्र पुरलं नाही. पुढं हा गणपती त्यांच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. देवांना टोपणनावं ठेवण्यात पुणेकरांचा हात कुणी धरणार नाही: जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा. बुधवार पेठसुद्धा औरंगजेबानं वसवली तेव्हा मुहियाबाद होती. आम्ही तिला सरळ आठवड्यातला वार करून टाकलं. पण दगडूशेठच्या बाबतीत उलटंच झालं. देवाला माणसाचं नाव लागलं, तेही असं की ‘गणपती’ हा शब्दच गळून पडला. रिक्षावाला विचारतो, “दगडूशेठ का?” आपण म्हणतो, “हो.” जणू शेठ अजून गल्ल्यावर बसलेत आणि आपण पावशेर पेढे आणायला निघालोय.

आजोबांना धास्ती होती, देवाचं पोराकडे लक्ष गेलं तर? नातवाला धास्ती आहे, कुणाचंच गेलं नाही तर? म्हणून एक दगड शोधी, दुसरा अंकशास्त्री गाठतो आणि नावात एक ‘ए’ जादा घालून घेतो.

दर्शन झालं. अप्पा बळवंत चौकात बाळांच्या नावांचं जाडजूड पुस्तक घेतलं. त्यात ‘द’च्या पानांवर दक्ष, दर्शिल, दिविज सगळे होते, दगडू नव्हता. तेवढ्यात शेजारच्या एका अनोळखी बाई बाळाकडे बघून म्हणाल्या, “अगंबाई, किती गोड आहे गं!”

भाचेसुनेनं बाळाची टोपी झटकन कपाळावरून खाली ओढली.

“कसला गोड हो,” ती म्हणाली. “रात्रभर रडून जीव खातो. नुसता धोंडा आहे मेला!”