काकू, क्लच!

मोटारीत बसलेल्या चार माणसांच्या माना एकाच वेळी होकारार्थी हलल्या, तर त्यांचं कशावर तरी एकमत झालं असं समजू नये. चालवणाऱ्यानं पहिल्याचा दुसरा गिअर टाकला, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरात एरवी आमटीत गूळ किती घालावा यावरही एकमत होत नाही. मी गाडी शिकत होते तेव्हा मात्र प्रत्येक सिग्नलला ठराव बिनविरोध मंजूर होत होता.

ज्यांना गाडी येते, त्यांना ती कशी येते हे सांगता येत नाही. सगळ्यांचा उपदेश एकच: क्लच हळू सोडा. हळू म्हणजे किती? तर "हळू म्हणजे... हळू!" आमच्या यजमानांनी जास्त खोलात जाऊन सांगितलं, "अगं, पायाला कळतं ते." माझ्या पायाला आजवर चपलेचा नंबर सोडून काही कळल्याचं मला आठवत नव्हतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्यामुळे सुरुवातीला गाडी आपण चालवतो आहोत हा केवळ आपला समज असतो. मास्तर खिडकीबाहेर बघत फोनवर कुणाच्या तरी साखरपुड्याचं ठरवत असत, आणि त्यांचा डावा पाय माझ्या वतीनं काम करत असे. तेवढ्या भांडवलावर मी घरी आत्मविश्वासानं बोलत होते. मग एके दिवशी मास्तर म्हणाले, "काकू, आता मी पाय काढतो." त्यांनी पाय काढला, आणि टिळक रोडवर मागच्या सगळ्यांनी हॉर्न लावून त्याची नोंद घेतली. त्यानंतर मास्तरांच्या तोंडी दोनच शब्द उरले. "काकू, क्लच!"

मला शहाणं केलं ते गॅरेजवाल्यानं. त्याच्याकडे एक गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवलेला होता. त्यानं क्लचप्लेट हातात देऊन दाखवली: जेवणाच्या ताटलीएवढी, दोन्ही बाजूंना खरखरीत. सिग्नलला उभ्या गाडीतही इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेतच असतं, आणि चाकं मात्र ढिम्म. या दोघांच्या मध्ये ही प्लेट. पेडल दाबलं की ती मोकळी होते, सोडलं की स्प्रिंगच्या जोरावर फिरत्या फ्लायव्हीलला चिकटते. मधल्या दोन बोटं अंतरात ती घासत घासत चिकटत जाते, आणि सगळी विद्या त्या दोन बोटांत आहे. क्लच म्हणजे अंतरपाट, असं मी मनाशी धरलं. फरक एवढाच की अंतरपाट झटक्यात ओढतात आणि वाजंत्री सुरू होते. इथे झटक्यात ओढला की नवरदेवाचंच इंजिन बंद पडतं.

मग हळूहळू गोष्टी जुळत गेल्या. सीट पुढे ओढायची, म्हणजे टाच जमिनीला टेकते आणि पेडल मांडीच्या नव्हे, घोट्याच्या जोरावर सुटतं. सुरुवातीचा रिकामा पल्ला बेलाशक भरभर सोडावा. बोनेट किंचित उचललं, इंजिनाचा आवाज जरा खाली आला, की तिथे थांबायचं. मनात 'एक' म्हणायचं, मग पुढे. गिअर बदलतानाही इंजिनाला श्वास खाली उतरवायला क्षणभर द्यायचा, नाहीतर त्याचा वेग एक आणि चाकांचा दुसरा, की आल्याच माना डोलवायला. वरून खाली गिअर टाकताना उलट, रेस थोडी द्यायची. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. सगळे 'हळू'वरच अडून बसले होते.

आपल्या सरकारला मात्र यातलं कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या पंधराव्या नियमात परीक्षेला काय करून दाखवायचं याची यादी आहे. गाडी सुरक्षित आणि सुरळीत सुरू करून टॉपपर्यंत सगळे गिअर टाकणे. तीव्र चढावर थांबून, जराही मागे न सरकता पुन्हा निघणे. यातलं पहिलं कलम लिहिणारा लक्ष्मी रोडला कधी आलेला नसावा. तिथे टॉप गिअर हा गिअरच्या मुठीवर छापलेला आकडा असतो, वापरायची वस्तू नव्हे.

दुसरं कलम समजून घ्यायचं तर रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात जावं. रांग चढावर थांबलेली, पुढे कुणाचा तरी बंपर, मागे मोटरसायकलवर तिघं, आणि त्यांचा तुमच्यावर गाढ विश्वास. हँडब्रेक ओढायचा, पहिला टाकायचा, बोनेट उचलेपर्यंत क्लच सोडायचा, रेस, मग हँडब्रेक खाली. दर दोन गाड्यांच्या अंतराला हेच. अनेक शूर वीर हँडब्रेक कमीपणाचा मानतात आणि हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. गडावर कांदाभजीचा वास असतो तसा खाली घाटात त्यांच्या क्लचप्लेटचा.

"कुणाचं तरी जळतंय गं," सासूबाई मागून म्हणाल्या.

"आपलं नाही, आई," मी म्हणाले. इतक्या अभिमानानं मी दहावीचा निकालही सांगितला नव्हता.

पुढच्या वळणाला त्या झोपल्या, त्या वाहनतळावर "आलो का?" म्हणत उठल्या. चांगली चालवलीस, असं कुणीही म्हणालं नाही. गचका बसला की चौघं बोलतात, न बसलेल्या गचक्याचं कौतुक कोण करणार? यजमान मात्र दिवसभर गप्प होते. ते चालवतात तेव्हा आई घाटभर रामरक्षा म्हणतात, तीही मोठ्यानं.

परवा शेजारच्या मुलानं एएमटी घेतली. 2014 पासून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत हे आलंय: क्लच तोच, गिअरबॉक्स तोच, फक्त क्लच दाबायला पायाऐवजी आणि गिअर टाकायला हाताऐवजी यंत्र. "काकू, आता क्लचची कटकटच नाही," म्हणत तो आम्हाला फिरवायला घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी पहिल्याचा दुसरा पडला आणि सासूबाईंची, यजमानांची, माझी, तिघांचीही मान डोलली.

मी पुढे वाकून त्याला विचारलं, "अरे, याला टाच कुठे असते?"