ग्लासगोतला उकाडा

वऱ्हाडातला माणूस एप्रिलात लेकीकडं परदेशी निघाला, की गल्लीत 'शुभ प्रवास' कोणी म्हणत नाही. "पळून चालले का भाऊ?" एवढंच विचारतात. मी अकोल्याचा, बायको अमरावतीची. कोणाचं ऊन मोठं, हा आमच्या संसारातला सगळ्यात जुना वाद. तिच्या बाजूला चिखलदरा आहे. पण चिखलदरा काही राजकमल चौकात नाही. दोन-अडीच तासांवर आहे, आणि तिथं पोचलेला अमरावतीकर स्वेटर कोण विसरलं यावरून घरच्यांशी भांडत बसतो. असो. २०२४च्या एप्रिलात हा वाद सामानात बांधून आम्ही ग्लासगोला उतरलो, तेव्हा बाहेर अकरा अंश होते आणि जवाईबापू अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभे होते. म्हणाले, "बाबा, आज मस्त ऊन पडलंय."

घरात थर्मोस्टॅट अठरावर होता. गॅसच्या बिलामुळं त्याला हात लावायचा नाही, असा घरचा नियम. मी मफलर, कानटोपी, त्यावर बायकोची शाल अशा थाटात घर पाहत फिरलो आणि एका खोलीच्या दारात थबकलो. आतून नारिंगी उजेड आणि चक्क गरम वाफ येत होती. काट्यावर आकडा होता पस्तीस.

"अहो, इकडं या! इथं मार्च आहे!" मी ओरडलो.

ती खोली सरपंचांची होती. सरपंच म्हणजे नातीचं कासव. दिवाणाएवढी, झाकण असलेली लाकडी पेटी, तिच्यात ओलसर नारळाचा भुसा आणि झाडाच्या सालीचे तुकडे, एका कोपऱ्यात दिव्याखाली फरशी, आणि त्या फरशीवर पाय पसरून हे महाशय. पाठ काळपट, तिच्यावरच्या प्रत्येक चौकटीत मधोमध पिवळसर डाग. पुढच्या पायांच्या खवल्यांवर मात्र कोणी चिमटीनं कुंकू टाकावं तसे लाल ठिपके. मूळ गाव दक्षिण अमेरिका. नाव नातीनं ठेवलेलं. मीच कधीतरी फोनवर तिला गावच्या गोष्टी सांगितल्या होत्या. सगळे धावपळ करतात आणि मधोमध जो नुसता बसून राहतो तो सरपंच, एवढंच तिनं त्यातून घेतलं.

सरपंचांची बडदास्त ऐकून माझी शाल गळून पडायची वेळ आली. दिव्याखाली पस्तीस, पेटीच्या सावलीच्या टोकाला सत्तावीस, रात्री बाविसाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. बारा तास उजेड, बारा तास अंधार, तोही टायमरवर. अतिनील किरणांची नळी वेगळी. ती दिसायला जळत असली तरी वर्षभरात तिचा दम जातो म्हणून बदलायची. मी विचारलं, खिडकीत ठेवलं तर? नात म्हणाली, "आबा, काचेतून ते किरण येतच नाहीत. मग ड जीवनसत्त्व नाही, मग कॅल्शियम अंगी लागत नाही, मग कवच मऊ पडतं." वय वर्षे दहा. मी तिच्या वयाचा असताना मला दोनच कासवं ठाऊक होती, सशाला हरवणारं आणि शंकराच्या देवळात गाभाऱ्यापुढं दगडात कोरलेलं. दोघांनाही विजेचं बिल नव्हतं.

त्यात हे कासव झोपणाऱ्यातलं नाही. भूमध्य समुद्राकडची कासवं थंडीत माती उकरून शीतनिद्रा घेतात. इंग्लंडातल्या सेलबोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांच्या बागेत असंच एक टिमोथी नावाचं कासव होतं. ते हिवाळाभर जमिनीत गडप व्हायचं आणि पाद्रीबुवा त्याच्या नोंदी लिहीत बसायचे. उष्ण कटिबंधातल्या कासवाला ही सवलत नाही. गारठा आणि ओल एकदम लागली की छातीत बिघाड, आणि याला आपल्यासारखा छातीपोटामधला पडदा नसल्यानं धड खोकताही येत नाही. म्हणून सरपंचांच्या नाकाशी बुडबुडा दिसला की डॉक्टरची वेळ घेतात. मी रात्रभर खोकत होतो. मला सकाळी लिंबाचं सरबत मिळालं.

आणखी एक. कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. प्रत्यक्षात ती अंडी मातीत पुरून जी निघते ती मागं वळून पाहत नाही. नजरेनं पोसते ती माझी लेक. ऑफिसात जेवताना एका हातात चमचा, दुसऱ्यात फोन. फोनवर पेटीतला कॅमेरा, कॅमेऱ्यात सरपंच. हलले की खूश, नाही हलले की काळजी. तिची आई इकडं अकोल्यात आजारी पडते तेव्हा तिलाही असंच पाहते. फक्त आई बोलते, त्यामुळं फोन लवकर ठेवावा लागतो.

खोली उबदार म्हणून माझी खुर्ची तिथंच लागली. पेपर, चहा, दुपारची डुलकी, सगळं सरपंचांच्या शेजारी. बायको म्हणाली, "पेटी जरा मोठी करून घ्या म्हणावं."

एकदा मी सहज म्हणालो, "एवढा खटाटोप कशाले? द्या माझ्यासंगं पाठवून. अकोल्यात पस्तीस फुकट आहेत." यावर नातीनं माझ्या गावाची जी चिरफाड केली, ती मी अमरावतीच्या सासुरवाडीतही ऐकली नव्हती. हे कासव दमट मुलखातलं. त्याला ऊब पाहिजे तशी सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रताही पाहिजे. कोरड्या हवेत वाढलं तर पाठीवरची एकेक चौकट पिरॅमिडसारखी वर उचलली जाते आणि मग ती कधी सपाट होत नाही. पंचेचाळीस अंशांत तर ते वाचायचंच नाही. "म्हणजे आबा, तुमचा मे त्याला चालणार नाही. त्याला तुमचा ऑगस्ट पाहिजे." बायको इतकी हसली की शेजारणीनं भिंतीवर टकटक केली.

पण ऑगस्ट हा शब्द निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण त्या पेटीतली आर्द्रता काही केल्या पन्नाशीच्या वर जात नव्हती, आणि जवाईबापू दर तासाला फवारा घेऊन येत होते. आता हवा ओली कशी होते हे वऱ्हाडी माणसाला कोणी शिकवायचं? कोरड्या मे महिन्यात खिडकी उघडी ठेवून कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर खिडक्या बंद करून चालवा, घटकाभरात अंथरूण चिकट, पापड मऊ, माणूस चिडका. मी फवारा काढून घेतला. भुशाच्या चारी कोपऱ्यांत तळाला पाणी सोडलं, वरचा थर कोरडा ठेवला आणि पेटीच्या झाकणातल्या निम्म्या फटी बंद केल्या. संध्याकाळी काटा अठ्ठ्याहत्तरवर. खोलीच्या खिडकीच्या काचा मात्र पाझरायला लागल्या, आणि लेकीनं माझ्या हातात फडकं दिलं.

मेहुण्यांनी अमरावतीहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी फडकंच मारत होतो. कासव पाहून म्हणाले, "येताना एक जोडी आणा ना भाऊजी, वास्तूले चांगलं असते. नाही तं इथंच पाहतो, चांदण्यावालं भेटते म्हणतात कुठंतरी." मी त्यांना तिथल्या तिथं अडवलं. चांदणीचं कासव म्हणजे आपलं भारतीय तारा कासव. त्याच्या पाठीच्या नक्षीपायी त्याची इतकी चोरटी विक्री झाली, की २०१९ मध्ये साइटिस करारानं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी घातली. आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आता ते पहिल्या अनुसूचीत आहे; घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं आत. "वास्तू लाभेल," मी म्हणालो, "पण ती सरकारी असेल." मेहुण्यांनी शेवटी पितळेचं घेतलं, काचेच्या वाटीत पाणी घालून, तोंड उत्तरेला. त्याला दिवा लागत नाही, पाणी मात्र रोज बदलावं लागतं, म्हणून मेहुणीबाई कुरकुरतात.

सरपंच बाप्या की बाई, हे अजून ठरायचं आहे. मोठं झाल्यावर नराचं पोट आत दबतं आणि शेपूट लांब होतं, तोवर थांबायचं. टिमोथीचंही तेच झालं. सगळी हयात पुरुषाच्या नावानं काढली आणि मेल्यावर कवच तपासलं तेव्हा ती मादी निघाली. ते कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. बायकोचं मत पक्कं आहे: "पद महिला राखीवच असेल. मागं बसून कारभार तुमच्यासारखे पाहतात."

मे संपत आला तेव्हा अकोल्याची बातमी आली. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि उष्णतेमुळं जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलेलं. नातीनं विचारलं, "म्हणजे उन्हाला अटक करतात का?" मी म्हणालो, ऊन कुठलं सापडतंय, माणसांनाच घरात बसवतात. तेवढ्यात घराशेजारच्या भाऊंचा फोन, की लाइट गेली, कूलर बंद, इन्व्हर्टरवर नुसता पंखा चालू आहे.

जवाईबापूंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पेटीकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं. "बाबा, इथं कधी हिवाळ्यात वादळानं लाइट गेली तर याचं काय करायचं?" हा प्रश्न त्या घरात कोणालाच पडला नव्हता. मी मफलर सोडला, खुर्ची पुढं ओढली. बॅटरी किती अँपिअरची, त्यात पाणी कधी घालायचं, दिवा चालेल पण हीटर का चालणार नाही, रात्रभराची सोय असेल तर वॉट कसे मोजायचे, अकोल्यात कोणती कंपनी दोन उन्हाळे टिकते आणि कोणती वॉरंटी संपायच्या दुसऱ्या दिवशी बसते. जवाईबापू वहीत लिहून घेत होते. पोळ्या दोनदा गरम कराव्या लागल्या.