एका मार्काच्या बायका

आपल्या शाळांत स्त्रियांचा इतिहास धड शिकवला जात नाही, अशी तक्रार अधूनमधून कुणीतरी करतं. या मंडळींनी शाळेत पाऊल टाकून बरीच वर्षं झाली असावीत. त्यांनी ३ जानेवारीला कुठल्याही शाळेच्या मैदानावर जाऊन पाहावं. पंचवीस-तीस सावित्रीबाई थंडीत कुडकुडत रांगेत उभ्या असतात. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात पाटी. १२ तारखेला त्यांतल्याच निम्म्या जिजाऊ होतात आणि मार्चमध्ये पाठीला बाहुली बांधून उरलेल्या झाशीला जातात. एवढी व्यवस्था पानिपतच्या वाट्यालाही आलेली नाही. यांपैकी एखादीला थांबवून सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’ नावाचं पुस्तक छापलं, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, हे माहीत आहे का असं विचारण्याचा आगाऊपणा मात्र करू नये. लुगडं भाड्याचं असतं आणि मधल्या सुट्टीच्या आत परत द्यायचं असतं.

सावित्रीबाई शिकवाव्यात तर आपणच. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण टाकलं जाई, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं नेत, हे महाराष्ट्रातल्या चौथीच्या पोरालाही ठाऊक आहे. शेण कुणी टाकलं, हे मात्र एम. ए. झालेल्यालाही सांगता येत नाही. ‘काही लोकांनी.’ हे ‘काही लोक’ आपल्या इतिहासातलं मोठं कर्तबगार मंडळ आहे. मुलींच्या शाळेला विरोध यांनीच केला, विधवांचं केशवपन यांनीच केलं, विहिरीवरून माणसांना यांनीच हाकललं. त्यांना गाव नाही, आडनाव नाही, जात तर नाहीच. त्यामुळे धडा कितीही कडू असला तरी संध्याकाळी कुणाच्या घरी त्यावरून भांडण होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पालक येऊन बसत नाहीत.

१८६३चं बालहत्या प्रतिबंधक गृहही आपण असंच सुरेख उरकतो. ते कशासाठी होतं हे सांगायचं म्हटलं तर विधवेला मूल कसं झालं, ते कुणाचं होतं आणि तिला ते मारावं का वाटलं, इथपर्यंत जावं लागतं. सातवीच्या वर्गात हे कुणी सांगायचं? म्हणून फुले दांपत्याने ‘अनेक समाजोपयोगी संस्था स्थापन केल्या.’ वाक्य शुद्ध आहे, पाठ होतं. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनीच धरलं, हेही आपण वर्गात फारसं काढत नाही. मुली घरी जाऊन नसते हट्ट धरतील.

‘पहिली’ या पद्धतीचं कौतुक मला वेगळं करायचं आहे. आनंदीबाई जोशी: पहिली महिला डॉक्टर. एक मार्क. नवव्या वर्षी झालेलं लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं मूल, १८८६ची फिलाडेल्फियातली पदवी आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसाव्या वर्षाच्या आत आलेला मृत्यू, या सगळ्याला मिळून अर्धासुद्धा जादा मार्क नाही. आणि का असावा? पहिलीच्या पुढे प्रश्न उरत नाही. बाई पोचली म्हणजे वाट होतीच, असा विद्यार्थ्यांचा छान समज होतो.

रखमाबाईंची पंचाईत थोडी मोठी आहे. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला नकार, मग मुंबई हायकोर्टात खटला. १८८७ साली न्यायाधीशांनी सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंग. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले. इथवर ठीक. पण त्या खटल्यात टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात होता. आता लोकमान्यांचा धडा आपण जून-जुलैत उरकतो, रखमाबाई झाल्याच तर समाजसुधारणेच्या धड्यात, दिवाळीनंतर. या दोघांची गाठ वर्गात पडू द्यायची नाही, यात शिक्षकाचं खरं कसब आहे, आणि वेळापत्रकाचंही.

राण्यांचं त्यामानाने सोपं जातं. ताराबाईंनी सात वर्षं औरंगजेबाशी राज्य लढवलं, तरी त्या आधी राजाराम महाराजांच्या पत्नी असतात. येसूबाई जवळजवळ तीस वर्षं मोगलांच्या कैदेत होत्या. तो काळ एका अर्धविरामात बसतो.

लिहिणाऱ्या बायकांचा त्रास जास्त. राण्या गप्प असतात, या बोलतात. मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं सरळ विचारलं. त्याच वयाच्या मुलींना आपण मराठीच्या तासाला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ देतो. निबंध म्हणजे काय हे त्यांना कळू नये, ही यामागची काळजी आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. दहावीच्या इतिहासात त्यांचं नाव आहे, पुस्तकाचं नाव आहे. आणखी काय हवं? पुस्तकातली भाषा वर्गात वाचावी अशी मुळीच नाही. बाई पुरुषांना एकेक करून विचारते, बायकांच्या माथी मारलेले दोष तुमच्यात नाहीत का? ४० मार्कांच्या पेपरात याला जागा कुठे द्यायची, रिकाम्या जागेत की जोड्या लावामध्ये? शिवाय हे पुस्तक एकदा विस्मरणात गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत तिथेच होतं. महाराष्ट्राने जिथे नव्वद वर्षं घाई केली नाही, तिथे शाळेनेच का करावी?

क्वचित एखादा शिक्षक ही शिस्त मोडतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून काढून त्यांच्याशी बोलून घेतलं, हे वाचून एका शाळेतल्या बाईंनी नववीला प्रकल्प दिला: आपल्या आजीला विचारा, शाळा कधी सोडली आणि का. वह्या आल्या. एका आजीने धाकट्या भावाची फी भरायची म्हणून सोडली होती. तो भाऊ पुढे हेडमास्तर झाला, त्याचा फोटो घरात लावलेला आहे. एकीला शाळेच्या माठातलं पाणी वरून ओतून देत. एकीने ‘सोडली नाही, घातलंच नाही’ एवढंच सांगितलं आणि नातीच्या वहीत उरलेलं पान मोकळं राहिलं. तीन पालक भेटायला आले. घरातल्या गोष्टी बाहेर कशाला, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. तपासायलाही त्रास, आजीचं उत्तर चूक की बरोबर, कोण ठरवणार?

पुढच्या वर्षी प्रकल्प बदलला. आता ‘थोर भारतीय स्त्रिया’. स्टेशनरीच्या दुकानात तक्ता मिळतो, सगळ्या जणी सारख्या आकाराच्या चौकोनांत, कापून वहीत चिकटवायच्या. प्रत्येकीच्या मागच्या बाजूला तिची माहिती छापलेली असते. ती गम लावल्यावर वहीला चिकटून जाते. मार्क नीटनेटकेपणाला असतात.