समशेरबहाद्दर, मुक्काम पोस्ट लासलगाव

लासलगावात कांद्याचे जाणकार पैशाला पासरी. ट्रॉलीचा फाळका पुरता उघडायच्या आत माल ओला की सुका, जोड किती, गोल्टी किती, हे सांगणारी माणसे इथे चहाच्या प्रत्येक टपरीवर बसलेली असतात. त्यामुळे कांद्यावर मत असणाऱ्याला या गावात कोणी हिंग लावून विचारत नाही. ज्याला नाव काढायचे त्याला वेगळा विषय धरावा लागतो. कोणी क्रिकेट धरतो, कोणी ज्योतिष, कोणी आमदारांचा खासगी दिनक्रम. आमच्या सरदारांनी तलवार धरली.

सरदार हे त्यांचे आडनाव नव्हे. बाजार समितीच्या फाटकाबाहेरच्या टपरीने त्यांना बहाल केलेली ही पदवी आहे. तीन एकर जमीन, एक ट्रॅक्टर (हप्ते चालू), एक कांदाचाळ (पत्रे गळके) आणि एक तलवार, एवढी त्यांची जहागीर. पैकी तलवार अजून झालेली नाही. ती ‘करून घ्यायची आहे’. मुलगा बालवाडीत होता तेव्हाही करून घ्यायची होती. आता मुलगा पदवीधर होऊन घरी बसलाय, तरी करून घ्यायचीच आहे.

असे तलवारवाले निफाडपासून येवल्यापर्यंत दर गावात एक-दोन सापडतात. काही नुसते पातेवाले असतात. त्यांना पोलादाखेरीज कशातच रस नसतो. काही मुठीवाले, ते परज, ठोला, खजाना असे शब्द इतक्या झोकात टाकतात की ऐकणाऱ्याला आपल्याच घरात काहीतरी कमी असल्यासारखे वाटते. काही म्यानवाले, त्यांचा ओढा मखमलीच्या रंगाकडे. सरदार तिन्ही आहेत. शिवाय भवानी तलवार नेमकी कुठे, या प्रश्नावर त्यांचे स्वतःचे मत आहे. साताऱ्याच्या राजघराण्याकडची कोणती, १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूर दरबाराने प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली जगदंबा कोणती, अंतुले मुख्यमंत्री असताना आणणार होते ती कोणती, हे ते साखर विरघळायच्या आत सांगतात. मतभेद दाखवला तर चहाचे पैसे तुम्हाला द्यावे लागतात.

तलवारीचा आराखडा काटापट्टीच्या पाठीमागे असतो. लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, ऊन चढत जाते, कानावर बोल्या पडत राहतात, आणि सरदारांचे पेन चालू होते. पुढच्या बाजूला क्विंटल, किलो, भाव, हमाली, तोलाई. मागच्या बाजूला पाते. एकदा पीककर्जाच्या कागदांत अशी पट्टी गेली. सोसायटीच्या सचिवाने चष्मा पुसून विचारले, “हे तारण म्हणून दाखवताय का?” सरदार म्हणाले, “अजून किंमत ठरायचीय.”

आधी आकाराचा वाद. धोप की समशेर? धोप सरळ आणि लांब, घोड्यावरून पोहोचणारी. समशेर बाकदार, कापत जाणारी. सरदार मनाने धोपेचे. पण फिरंगीचा मोहही सुटत नाही. युरोपातून आलेले पाते आणि त्यावर इथली मूठ म्हणजे फिरंग. झोलिंगन, टोलेडो ही नावे सरदार नांदूर, टाकळी म्हणावे इतक्या सहज घेतात. एकदा कोणीतरी छेडले, “म्हणजे मराठ्यांची तलवार इंपोर्टेड?” त्यावर सरदारांनी पेला खाली ठेवला. “आणि आपलं पोलाद कुठं जायचं? तेलंगणातलं कोनसमुद्रम माहितीये का? तिथलं पोलाद घ्यायला इराणी व्यापारी यायचे. दमास्कसच्या तलवारी म्हणून जग ज्यांना डोक्यावर घेतं, त्यांचा कच्चा माल आपल्या दख्खनचा!” मग जरा थांबून म्हणाले, “त्या वेळी दिल्लीनं निर्यातबंदी घातली नाही, हे नशीब समजा.”

या एका वाक्यावर टपरी त्यांना मुजरा करते. निर्यातबंदी काय असते ते इथल्या पोरासोरांनाही कळते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले तेव्हा सरदारांच्या तलवारीच्या मुठीवरचे सोन्याचे काम गेले, त्या जागी चांदी आली. डिसेंबरात निर्यातच बंद झाली तेव्हा चांदी जाऊन पितळ आले आणि म्यानाची मखमल रेक्झिनवर घसरली. पुढच्या मे महिन्यात बंदी उठली, पण शुल्क राहिले, तेव्हा मखमल परत आली, पितळ मात्र तिथेच. १ एप्रिल २०२५ ला शुल्क पुरते निघाले त्या संध्याकाळी सरदारांनी दोन माणके वाढवली. कांद्याचे धोरण आणि त्याचे परिणाम यांवर अभ्यास करणाऱ्यांनी एकदा या काटापट्ट्या तारीखवार लावून पाहाव्यात.

वजनाचा प्रश्न मात्र टपरीवर सुटला नाही, तो हमालाने सोडवला. सरदारांचा हट्ट पाच किलोचा. “बापजाद्यांची ताकदच तशी होती,” हे त्यांचे शास्त्र. जुन्या लढाऊ तलवारी साधारण सव्वा किलोच्या आतबाहेर भरतात, हे त्यांनी वाचले होते, पण मनावर घेतले नव्हते. पन्नास किलोची गोणी पाठीवरून उतरवून घाम पुसत असलेल्या हमालाने हे ऐकले. त्याने जाळीच्या पिशवीत मोजून पाच किलो उन्हाळ कांदा भरला, इलेक्ट्रॉनिक काट्यावर दाखवला आणि पिशवी सरदारांच्या हातात दिली. “हात सरळ ठेवा. एवढ्या एका ट्रॉलीचा लिलाव होईपर्यंत.”

लिलाव नऊशेपासून सुरू झाला. नऊशे पन्नासला सरदारांच्या चेहऱ्यावर पानिपताचे तेज होते. हजाराला कोपर किंचित वाकले. अकराशेला पिशवी थरथरू लागली आणि जाळीतून कांद्याची टरफले गळू लागली. अकराशे पंचवीसला व्यापारी अडला, मान हलवू लागला, शेतकरी गयावया करू लागला, आणि हा सगळा वेळ सरदारांच्या खात्यात जमा होत होता. हमालाने हळूच विचारले, “सरदार, गनिमाला जरा बसायला सांगू का?” अकराशे चाळीसला तलवार जमिनीला टेकली. हमालाने दोन किलो कमी केले. मग आणखी पावणेदोन. सव्वा किलोला आल्यावर सरदारांनी पिशवी डावीउजवीकडे फिरवून पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, “माझा पहिल्यापासून अंदाज सव्वाचाच होता.”

मग आला लोहार. आठवडे बाजारात घिसाड्याचा भाता लागतो, विळे-खुरपी शेवटायला बाया ओळीने बसलेल्या असतात. सरदार त्या ओळीत काटापट्टी घेऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला, उन्हात धरला.

“पोलाद कोणतं वापरणार?” सरदारांनी विचारले.

“तुम्ही आणाल ते.”

“मला लाटा उठलेलं पाहिजे. पात्यावर पाणी वाहिल्यासारखं दिसलं पाहिजे.”

“ट्रकचा कमानपाटा आणा. एक नंबर माल. गाडीभर कांद्याखाली मोडत नाही, तर माणसावर कशाला मोडेल?”

“आणि पाणी कसं देणार?”

“बादलीत.”

सरदारांचा चेहरा पडला. तापलेले पाते कोणत्या रंगाला आले म्हणजे बुडवायचे, तेलात की पाण्यात, यावर त्यांनी रात्रीच्या रात्री जागवल्या होत्या. म्हाताऱ्याने बोलता बोलता एका बाईचा विळा भट्टीतून काढला, रंग पाहिला, चर्रकन बादलीत घातला, दाताला कानस लावून पाहिली आणि बाईच्या हातात ठेवला. रंगाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. सरदार मात्र त्या विळ्याकडे बघत राहिले. “जमतंय याला,” असे त्यांनी घरी येऊन कबूल केले. “पण इतिहासाची बैठक नाही.”

घरी विषय काढणे हे वेगळे धाडस. शेजारीच येवले, म्हणून म्यानाला पैठणीच्या काठाचे अस्तर लावावे अशी एक भव्य कल्पना त्यांना सुचली. तात्या टोप्यांचे जन्मगावही येवलेच, तेव्हा संगती लागत होती. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “अहो, लग्नाला बावीस वर्षं झाली. आधी मला नेसवा, उरेल त्यात तलवारीला गुंडाळा.” तेव्हापासून म्यान विनाअस्तर आहे.

नाव कोरायचा मुद्दा तर आजही न्यायप्रविष्ट आहे. सरदारांना आपले नाव पात्यावर मोडीत हवे. मोडी त्यांना वाचता येत नाही, गावातही कोणाला फारशी येत नाही. कोरणाऱ्याने भलतेच कोरले तर कळणार कसे? पोरगा म्हणाला, “बाबा, कोणी उधारीचा हिशोब कोरून दिला तरी आपण दसऱ्याला त्याची पूजा करू.” पोरगा पदवीधर झाल्याचा हा एवढाच पुरावा आजवर मिळाला आहे.

लग्नसराईत सरदारांना भाव येतो. नवरदेवाच्या हातात भाड्याची तलवार, टोकाला लिंबू. वऱ्हाडी जेवणाकडे बघतात, सरदार तलवारीकडे. वरात थांबली की ते नवरदेवाच्या कानाशी जाऊन विचारतात, “जरा उपसू का?” म्यानातून अर्धा हात पत्रा बाहेर येतो, तोही गंजलेला. सरदार हळहळतात, मुठीत चार बोटे घालून बघतात. बोटे मावत नाहीत. लोक म्हणतात, पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते. सरदार तिथेच वरात अडवून समजावतात, “हात लहान नव्हते. मूठच घट्ट असते. वरची तबकडी मनगटाला अडते, म्हणून वार मनगटानं नाही, खांद्यातून ओढून घालायचा.” आणि दाखवायला ते हात फिरवतात, तेव्हा लिंबू उडून बँडवाल्याच्या क्लॅरिनेटवर बसते.

कायद्याची अडचण त्यांना एका वकिलाने समजावली. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद धारदार पाते आले की भानगड आली. तलवारीने वाढदिवसाचा केक कापला आणि रात्र पोलीस ठाण्यात काढली, अशा बातम्या दर महिन्याला येतात. “घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून,” वकील म्हणाला. सरदारांनी एवढेच नेमके ऐकले.

“मग शेतीचं अवजार म्हणून करू. कांद्याची पात कापायला.”

“अडीच हात लांब?”

“बायांना वाकावं लागणार नाही. उभ्यानं कापतील.”

वकील हसला. पण ही गोष्ट मजुरांच्या टोळीच्या मुकादमाच्या कानावर गेली आणि तो दुसऱ्या दिवशी गंभीर तोंडाने टपरीवर हजर. “सरदार, दहा-बारा नग घेतले तर कितीला पडेल?”

आता कोणी विचारील, हा माणूस तलवार करून का घेत नाही? कमानपाटा भंगारात मिळतो, घिसाडी दारात येतो. पण सरदारांचा माल पिकवायला त्यांना पाऊस लागतो, विकायला व्यापारी लागतो, भावाला दिल्ली लागते. कुठल्याच टप्प्यावर त्यांना कोणी विचारत नाही. या तलवारीचा मात्र प्रत्येक इंच त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. ती एकदा झाली की झाली, मग तीही काट्यावर चढणार. त्यांच्या शेजारचे विंचूर हे विठ्ठल शिवदेवांचे ठाणे. जिथून पेशव्यांच्या काळात पागा निघायच्या, तिथे आज लासलगाव बाजार समितीचे उपआवार आहे आणि ट्रॅक्टर निघतात. सरदारांना याचे दुःख नाही. ते म्हणतात, “रांगेत उभं राहायचं तेव्हाही होतंच. फक्त तेव्हा घोडं खाली असायचं.”

एप्रिल २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि राज्य सरकारने ती सुमारे ४७ लाख १५ हजारांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. युरोपीय पाते, मुठीवर सोन्याचे काम. टपरीवर वर्तमानपत्र वाचले गेले. बाकीच्या महाराष्ट्राने इतिहास पाहिला असेल, लासलगावाने लिलाव पाहिला. लगेच हिशोब झाला: क्विंटलला पंधराशे धरले तर ३१४३ क्विंटल कांदा, म्हणजे पंचवीस क्विंटलच्या सव्वाशे ट्रॉल्या. एका नगाला! तोलाई, हमाली, लेव्ही तिकडे कोण भरतो? घेणारा? “काय देश आहे,” कोणीतरी उद्गारले.

सरदार बराच वेळ बोलले नाहीत. मग एकेक मुद्दा निघाला. तलवारीला कोंब फुटत नाही. चाळीत ठेवली तरी वजन घटत नाही. लासलगावात अणुऊर्जावाल्यांचे विकिरण केंद्र आहे, कांद्याला मोड येऊ नये म्हणून २००२ साली उभारलेले, त्याचीही हिला गरज नाही. अडीचशे-तीनशे वर्षे थांबायची तयारी ठेवली तर भाव नक्की.

“म्हणजे तुमची तलवार झाल्यावर लंडनला पाठवणार?” मी विचारले.

“आधी एक सांगा,” सरदार म्हणाले, “त्या विकणाऱ्याला पैसे रोख मिळाले, की पुढच्या तारखेचा चेक?”

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा लंडनचा निर्णय तूर्त राखून ठेवण्यात आला आहे.