आठवड्यातून एकदा खाली

अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्ग-अभ्यासक बूफाँ स्लॉथवर जाम नाराज होता. या प्राण्यात आणखी एक जरी उणीव असती तर तो जगलाच नसता, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. मला वाटतं, बूफाँने त्याला सुलटा धरून पाहिलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात स्लॉथ उलटा टांगलेला असतो, आणि तसाच तो बेतलेलाही आहे. भांग पोटावर, केसांचा ओघ पाठीकडे. पाऊस आपोआप निथळतो. जिराफसुद्धा मानेत सात मणक्यांवर भागवतो, तीन बोटांच्या स्लॉथला मात्र आठ-नऊ. बूड न हलवता मागच्या फांदीवरची खबर मिळते!

खाणं पानांचं. त्यात कस कमी, आणि पचायला कित्येक दिवस. मिळकतच एवढीशी, तर धावपळ कोणाच्या जिवावर करायची?

असा हा काटकसरी जीव आठवड्यातून साधारण एकदा झाडाच्या बुंध्याशी उतरतो. कशाला, तर परसाकडे. वरूनच काम उरकलं असतं तर कोण बघणार होतं? पण नाही. तीन बोटांचा स्लॉथ आखूड शेपटीने खळगा उकरतो, मोकळा होतो आणि पुन्हा चढू लागतो. खाली शिकारी प्राण्यांची भीती, वर चढायचे कष्ट वेगळेच. मग हा उपद्व्याप का? त्याच्या केसांत पतंग राहतात आणि ते अंडी घालतात स्लॉथच्या विष्ठेत. म्हणजे घरमालकच भाडेकरणींना बाळंतपणाला पोचवतो! 2014 साली काही अमेरिकन संशोधकांनी मांडलं, की या पतंगांमुळे केसांतलं शेवाळ फोफावतं आणि स्लॉथला ते खायला मिळतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला पटतं, फुकट भाडेकरू कोण ठेवतो?

झोपेचंही तसंच. पिंजऱ्यातला स्लॉथ दिवसाला सोळा तास झोपतो म्हणून बोभाटा झाला. 2008 साली पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर रानातल्या स्लॉथांच्या मेंदूची नोंद घेतली, तेव्हा भरले साडेनऊ तासांच्या आसपास. पिंजऱ्यात बिचारा दुसरं करणार तरी काय?

बदनामीचे शिंतोडे आपल्या अस्वलावरही उडाले. लांब नखं पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज विद्वानाने 1791 साली त्याला थेट स्लॉथच्या कुळात बसवलं. मेळघाटात अस्वल ज्याच्या मागे लागलंय, त्याला हे वर्गीकरण कोणी पळता पळता समजावून सांगावं.